एका टकरीची संतती



निवृत्त शाळामास्तराने आपला वेळ कसा घालवावा, यासंबंधी ज्याचे त्याचे मत निराळे असते. मी माझ्यापुरते असे ठरविले आहे की, नोकरीत असताना वर्गात जी उत्तरे चुकीची दिली, ती आठवतील तितकी दुरुस्त करावीत. त्यांपैकी एकाची दुरुस्ती आज आपणांसमोर करावयाची आहे.

सन २००८ च्या सप्टेंबर महिन्यातील गोष्ट. जिनीव्हा शहराजवळ, जमिनीच्या पोटात, २७ किलोमीटर घेराचे एक यंत्र सुरू झाले. त्यात प्रोटॉन नावाचे सूक्ष्म कण परस्परांवर आदळावयाचे होते. या आदळआपटीत पृथ्वीच नाहीशी होईल, अशी आवई त्या वेळी उठली आणि परभणी जिल्ह्यातील आमच्या खेड्यापर्यंत येऊन पोहोचली. सातवीच्या वर्गातील मुले भेदरली होती. त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "नारळात काय आहे हे पाहावयाचे तर नारळ फोडावा लागतो. शास्त्रज्ञही तेच करीत आहेत. यात भिण्यासारखे काय आहे?" मुलांचे समाधान झाले. पण मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, नारळ फोडला की दोन वाट्या आणि पाणी निघते. त्यातून आणखी नारळ निघत नाहीत. पेपरात तर लिहिले आहे की, दोन प्रोटॉन आपटले की शेकडो नवे कण निघतात. मग ते आत मावत कसे होते?" मला उत्तर येत नव्हते. "हे पुढच्या इयत्तांत येईल, खाली बैस," असे म्हणून मी धडा पुढे चालू केला.

मुलीचा प्रश्न बिनतोड होता. खोट माझ्या नारळात होती. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. या विषयाचे उच्च गणित माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. तथापि निवृत्तीनंतर वाचनालयातून मिळतील ती पुस्तके वाचीत गेलो, आणि त्या प्रश्नामागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे, व त्यातील काही पाने आपल्या मुंबईत आणि पुण्यात जन्मलेल्या माणसांनी लिहिली आहेत, असे आढळून आले. तोच इतिहास थोडक्यात सांगतो.

प्रथम मुलीच्या शंकेचे निरसन करू. टकरीतून निघणारे कण प्रोटॉनात आधीपासून भरून ठेवलेले नसतात. ते टकरीच्या क्षणी उपजतात. ऊर्जा आणि वस्तुमान ही एकाच नाण्याची दोन रूपे होत, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ साली दाखवून दिले. वेगाने धावणाऱ्या कणाच्या अंगी जी गतीची ऊर्जा असते, तिचा काही अंश आघातासरशी नव्या कणांच्या रूपाने साकार होतो. आता जमाखर्च मांडून पाहा. प्रोटॉनचे वस्तुमान ऊर्जेच्या मापाने सुमारे ९३ कोटी ८० लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. टकरीत सर्वांत अधिक संख्येने उपजणारा कण म्हणजे पायॉन. त्याला सुमारे १४ कोटी पुरतात. जिनीव्हाच्या यंत्रात २०२२ पासून समोरासमोर येणाऱ्या दोन प्रोटॉनांची मिळून ऊर्जा १३ लक्ष ६० हजार कोटींपर्यंत नेण्यात आली. सरळ भागाकार केला तर एका टकरीतून सुमारे ९७ हजार पायॉन उपजावयास हवेत. प्रत्यक्षात साधारण टकरीत शेदीडशेच्या आसपास कण निघतात. मग बाकीची रक्कम गेली कोठे? आणि शेदीडशेच का, दहा का नाहीत किंवा दहा हजार का नाहीत? या प्रश्नाचे उत्तर आधी गणिताने काढावयाचे आणि मग निसर्गाशी ताडून पाहावयाचे, या उद्योगास प्रतिमान बांधणे म्हणतात. त्याचा इतिहास म्हणजे, टकरीतील ऊर्जेचा किती वाटा संततीच्या वाट्यास येतो, या एकाच हिशेबाची वारंवार केलेली दुरुस्ती होय.

आरंभ आकाशातून झाला. १९१२ साली व्हिक्टर हेस हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ फुग्यात बसून उंच गेले, आणि पृथ्वीबाहेरून एक भेदक प्रारण अहोरात्र येत असते, असे त्यांना आढळले. यांनाच आपण विश्वकिरण म्हणतो. पुढे असे दिसले की हे किरण कधी कधी एकेकटे न येता शेकडो कणांचा वर्षाव होऊन येतात. हा वर्षाव कसा घडतो याचा पहिला समाधानकारक हिशेब १९३७ साली दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झाला. अमेरिकेत तो कार्लसन आणि ओपेनहायमर यांनी केला, तर इंग्लंडात वॉल्टर हाइटलर आणि मुंबईत जन्मलेले २७ वर्षांचे होमी भाभा यांनी. हिशेब मोठा सुटसुटीत होता. वेगवान इलेक्ट्रॉन हवेतील अणुगर्भाजवळून जाताना प्रकाशकण सोडतो; तो प्रकाशकण पुढे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी निर्माण करतो; ती दोघे पुन्हा प्रकाशकण सोडतात. एकाचे दोन, दोहोंचे चार, चारांचे आठ. ऊर्जा वाटून वाटून क्षीण झाली की वर्षाव ओसरतो. येथे प्रत्येक पायरीस थोडेच कण उपजतात, आणि मोठी संख्या होते ती पायऱ्यांच्या पुनरावृत्तीने.

परंतु प्रोटॉन अणुगर्भावर आदळतो तेव्हाही असेच घडते काय? येथे शास्त्रज्ञांत दोन पक्ष पडले. जर्मनीचे हायझेनबर्ग यांनी १९३६ सालीच सुचविले होते की, एकाच आघातात स्फोटाप्रमाणे अनेक कण एकदम उपजत असावेत. उलट पक्षाचे अग्रणी होते स्वतः हाइटलर आणि त्यांचे सहकारी यानोशी. त्यांचे म्हणणे असे की, अणुगर्भात पुष्कळ प्रोटॉन-न्यूट्रॉन दाटीने बसलेले असतात. आत शिरलेला कण एकामागून एक अनेकांवर आदळतो, प्रत्येक आघातात एखाददुसरा कण उपजतो, आणि आपणांस ती सर्व बेरीज एकदम दिसते. कॅरमच्या पटावर मध्ये रचलेल्या सोंगट्यांत स्ट्रायकर घुसावा, तसा हा प्रकार. हा वाद केवळ शब्दांचा नव्हता. पहिला पक्ष खरा असेल तर प्रोटॉनवर आदळलेला एकटा प्रोटॉनही मोठी संतती देईल. दुसरा खरा असेल तर मोठ्या अणुगर्भावाचून मोठी संतती संभवणार नाही.

निकाल लागावयाचा तर टकरीचे चित्र डोळ्यांनी पाहावयास हवे होते. ते साधन छायाचित्रांच्या काचांनी पुरविले. त्यांवरील जाड लेपातून कण गेला की त्याची रेघ उमटते, आणि टकरीच्या जागी रेघांची चांदणी दिसते. याच साधनाने १९४७ साली ब्रिस्टल येथे पॉवेल यांच्या मंडळीस पायॉन सापडला. १९५० साली अमेरिकेत लॉर्ड, फाइनबर्ग आणि शाइन यांनी एक विलक्षण चांदणी प्रसिद्ध केली. तीत अणुगर्भ फुटल्याच्या खुणा फारशा नव्हत्या, परंतु नव्या कणांचा झोत मात्र भरगच्च होता. एका आघातात अनेक कण उपजतात, या पक्षाचे पारडे त्यामुळे पुष्कळ जड झाले.

या सुमारास मुंबईतही काम सुरू झाले होते. भाभा १९३९ साली सुटीवर स्वदेशी आले असता महायुद्ध पेटले आणि ते येथेच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिली. आरंभी बंगळूर, त्याच वर्षअखेर मुंबईस पेडर रोडवरील एक बंगला, १९४९ पासून गेटवे ऑफ इंडियाजवळचे जुने यॉट क्लब, आणि १९६२ साली कुलाब्याची आजची इमारत, असे तिचे बिऱ्हाड फिरत गेले. काचांच्या शास्त्रातील नामांकित संशोधक बर्नार्ड पीटर्स १९५१ साली येथे येऊन दाखल झाले. काचा उंच आकाशात पाठवावयाच्या म्हणून संस्थेने आधी रबरी फुगे उडविले आणि पुढे प्लास्टिकचे मोठे फुगे स्वतःच तयार केले. त्यांचे कायमचे ठाणे नंतर हैद्राबादेस झाले. १९५६ पर्यंत आपला परभणी जिल्हा हैद्राबाद राज्यातच होता. राज्याची सीमा बदलली तरी वारा काही बदलला नाही. हैद्राबादेहून निघालेल्या फुग्यांची उपकरणे ज्या प्रदेशात उतरू शकतात, त्यात मराठवाड्यातील जिल्हेही येतात. शेतात अशी पेटी आढळल्यास ती उघडू नये व पोलिसांस कळवावे, अशी सूचना अधूनमधून निघते ती याचसाठी. ज्या विद्येची नावे ऐकून आपण दबून जातो, तिची सामग्री आपल्याच ज्वारीच्या रानात उतरावी, ही मौजेची गोष्ट आहे.

आता पुन्हा हिशेबाकडे वळू. १९५० साली एन्रिको फर्मी यांनी एक धाडसी कल्पना मांडली. टकरीच्या क्षणी सर्व ऊर्जा एका चिमुकल्या जागेत कोंडली जाते असे समजावे. ती जागा म्हणजे जणू एक तापलेली हंडी. आणि संभवनीयतेच्या नियमांनी तीतून किती कण निघतील हे मोजावे. हंडी लहान व अतितप्त असल्यामुळे प्रत्येक कण मोठा वाटा घेऊन बाहेर पडतो, म्हणून संख्या बेताची राहते. फर्मी यांच्या हिशेबाप्रमाणे, स्थिर लक्ष्यावर आदळणाऱ्या कणाची ऊर्जा १६ पट करावी तेव्हा संतती अवघी दुप्पट होते. आपल्या ९७ हजारांचा फुगा येथेच फुटला. १९५३ साली रशियाचे लांडाऊ यांनी पुढची पायरी गाठली. त्यांचे म्हणणे असे की, तप्त द्रव्य क्षणभर प्रवाही पदार्थाप्रमाणे पसरते, पसरताना निवते, आणि पुरेसे निवल्यावर त्याचे सुटे कण होतात.

त्याच १९५३ साली भाभांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आपला लेख प्रसिद्ध केला. त्यांचा आक्षेप मर्मावर होता. प्रोटॉन हा गोटीसारखा कठीण ठिपका नसून त्याच्या भोवतीचे क्षेत्र काही जागा व्यापून असते, आणि त्याची ऊर्जा त्या जागेत ठिकठिकाणी वाटलेली असते. तेव्हा सगळी ऊर्जा एका हंडीत ओतली जाते असे धरणे रास्त नव्हे. टक्कर नेमकी समोरासमोर झाली की ओझरती झाली, कोणत्या भागाची गाठ कोणत्या भागाशी पडली, यावर संतती अवलंबून असली पाहिजे. हा विचार पुढील कित्येक प्रतिमानांच्या मुळाशी निरनिराळ्या रूपांनी आढळतो.

१९६५ साली जिनीव्हा येथे हागेडोर्न यांनी आणखी एक चमत्कारिक गोष्ट दाखविली. भांड्यातील पाणी उकळू लागले की कितीही जाळ लावा, त्याची उष्णता शंभर अंशांवर चढत नाही. वाफ मात्र वाढते. तद्वत् टकरीत ऊर्जा ओतीत गेल्यास तापमान सुमारे दोन लक्ष कोटी अंशांच्या जवळपास अडते, आणि पुढील ऊर्जा नवे कण घडविण्यात खर्च होते. मात्र या उकळीचा खरा अर्थ, प्रोटॉन क्वार्कांचे बनलेले असतात हे समजल्यावरच उलगडला.

प्रतिमान कितीही सुबक असले तरी निसर्ग त्याची परीक्षा घेतल्यावाचून राहत नाही. उटकमंडच्या डोंगरावर टाटा संस्थेची प्रयोगशाळा होती. तेथे बी. व्ही. श्रीकांतन आणि एस. सी. टोणवर यांनी वर्षावातील, प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या मुख्य लाटेच्या मागून पोहोचणाऱ्या कणांची मोजणी केली. जो कण जड तो मागे पडतो, हे तत्त्व. असे उशिरा येणारे जड कण प्रचलित हिशेबापेक्षा अधिक भरले. अधिक ऊर्जेच्या टकरींत प्रोटॉन-न्यूट्रॉन व त्यांचे प्रतिकण यांच्या जोड्या पूर्वी मानल्यापेक्षा जास्त उपजत असाव्यात, असा निष्कर्ष त्यांनी १९७१ साली काढला. जिनीव्हाच्या नव्या प्रोटॉन-टकरयंत्रातील मोजणीने पुढे त्यास पुष्टी मिळाली.

क्वार्कांची कल्पना १९६४ साली गेल-मान आणि त्स्वाइग यांनी मांडली होती, आणि १९७३ च्या सुमारास त्यांच्या परस्पर आकर्षणाचे नियम हाती आले. त्यातून कणांच्या उपजण्याचे जे चित्र निघाले, ते समजावयास शाळेतील लोहचुंबकाची पट्टी पुरे आहे. पट्टी मोडली तर एका हाती नुसता उत्तर ध्रुव व दुसऱ्या हाती नुसता दक्षिण ध्रुव येत नाही. मोडल्या जागी दोन नवे ध्रुव तयार होतात. तसेच दोन क्वार्क परस्परांपासून दूर ओढले की त्यांच्यामध्ये शक्तीची जणू दोरी ताणली जाते. ताण वाढला की दोरी तुटते, आणि तुटल्या जागी नव्या क्वार्काची व प्रतिक्वार्काची जोडी उपजते. प्रत्येक तुकडा म्हणजे एकेक नवा कण. स्वीडनमधील लुंड येथील मंडळींनी या चित्रावर गणित उभारले. दोरी कोठे तुटेल हे निश्चित सांगता येत नाही. म्हणून गणकयंत्र प्रत्येक वेळी जणू फासे टाकते, आणि लक्षावधी काल्पनिक टकरी घडवून त्यांची सरासरी खऱ्या टकरींशी ताडून पाहते. द्यूतगृहांसाठी प्रसिद्ध असलेल्या माँटे कार्लो या गावाचे नाव या रीतीस पडले आहे.

या हिशेबात एका मराठी विदुषीने जी भर घातली ती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. रोहिणी गोडबोले यांचा जन्म १९५२ साली पुण्यास झाला. हुजूरपागेत त्यांचे शिक्षण झाले, मुंबई विद्यापीठात त्यांनी १९८२ ते १९९५ पर्यंत अध्यापन केले, आणि पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्या गेल्या. ऊर्जा वाढवीत नेली असता प्रोटॉनांची परस्परांशी गाठ पडण्याचा संभवही वाढत जातो, असे १९७० नंतर स्पष्ट झाले होते. त्याचे एक कारण असे की, प्रोटॉनातील घटकांच्या लहानसहान टकरी वाढत जाऊन कणांचे छोटे छोटे झोत निघू लागतात. पण नुसत्या या झोतांचा हिशेब केला तर वाढ वाजवीपेक्षा फार येते. गोडबोले आणि त्यांच्या परदेशस्थ सहकाऱ्यांनी, टक्कर कितपत समोरासमोर झाली याचा, आणि घटक टकरीपूर्वी जी ऊर्जा हळूच सांडतात तिचा, विचार करून ही वाढ आवरून दाखविली. मान्युएल ड्रेस यांच्यासह १९९१ साली त्यांनी असेही दाखविले की, नियोजित इलेक्ट्रॉन-यंत्रांत प्रकाशकणांच्या आपसांतील टकरींतूनही अशा कणांची मोठी गर्दी उसळू शकते. तेव्हा यंत्राची आखणी करतानाच ती ध्यानात घ्यावी. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्यास त्या निवर्तल्या.

आता राहिला अणुगर्भांच्या टकरीचा प्रश्न. अमेरिकेत २००० सालापासून सोन्याचे, आणि जिनीव्हास २०१० पासून शिशाचे अणुगर्भ परस्परांवर आदळविण्यात आले. शिशाच्या अगदी समोरासमोरच्या टकरीत मध्यभागाच्या एका मापपट्टीतच सुमारे १६०० विद्युद्भारित कण मोजले गेले, आणि पुष्कळ प्रतिमानांचे भाकीत यापेक्षा कमी होते. हाइटलर आणि हायझेनबर्ग यांचा जुना वादही येथे मिटला. एका आघातात अनेक कण उपजतात हे खरे. अणुगर्भात आघात अनेक होतात हेही खरे. परंतु वेगाने निघालेल्या नवजात कणास पूर्ण रूप धारण करावयास वेळ लागतो. भरधाव गाडीत ठेवलेले अंडे फुटून पिलू बाहेर येईपर्यंत गाडी गावाची वेस ओलांडून गेलेली असावी, तसे तो कण सिद्ध होईपर्यंत अणुगर्भाबाहेर पडलेला असतो. म्हणून आतल्या आत एकाचे दोन, दोहोंचे चार असा बेसुमार गुणाकार होत नाही.

ओझरत्या टकरीत दोन अणुगर्भांचा जो भाग परस्परांत शिरतो तो बदामाच्या आकाराचा असतो. त्यातून उसळणारे कण सर्व दिशांनी सारखे न जाता बदामाच्या आखूड बाजूने अधिक जातात. याचा अर्थ, आतील क्वार्कांचे तप्त द्रव्य खरोखरच प्रवाही पदार्थाप्रमाणे वाहते; लांडाऊ यांची १९५३ ची कल्पना निराळ्या वेषाने परत आली. हा प्रवाह कितपत पूर्णत्वास पोहोचतो हे पारखावयाची रीत टाटा संस्थेचे राजीव भालेराव यांनी फ्रेंच सहकाऱ्यांसह २००५ साली मांडली, व ती या शास्त्रात पुष्कळ वापरली गेली.

मग हिशेब पुरा झाला काय? नाही. क्वार्कांचे मूळ नियम ठाऊक असूनही, साधारण टकरीत किती कण उपजतील हे केवळ त्या नियमांवरून कोणासही काढता आलेले नाही. प्रत्येक प्रतिमानात काही संख्या मोजणीवरून बेतून घ्याव्या लागतात. भाभांनी ज्या वर्षावांपासून आरंभ केला, त्यांचाच एक जाब उरला आहे. अर्जेंटिनातील पिएर ऑगर वेधशाळेने अतिप्रचंड वर्षावांत मोजलेले म्युऑन नावाचे कण प्रतिमानांच्या भाकितापेक्षा अधिक भरतात. जमेस धरलेले आणि हाती आलेले जुळत नाही, तेव्हा हिशेबात कोठेतरी चूक आहे, एवढे निश्चित.

मला या इतिहासात सर्वांत मोलाची वाटली ती ही चूक मान्य करण्याची रीत. फर्मींनी सगळी ऊर्जा एका हंडीत ओतली. भाभांनी ते धरणे तपासून पाहिले. हाइटलर हरले आणि पुढे अर्धे खरेही ठरले. येथे प्रत्येकाने आपले गृहीत उघड मांडून ठेवले, म्हणूनच दुसऱ्यास ते खोडता आले. मी त्या दिवशी वर्गात नेमके याच्या उलट केले. माझे गृहीत नारळाच्या कवचाखाली झाकून ठेवले, आणि ते उघडे पाडणाऱ्या मुलीस खाली बसविले. "मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू," एवढे म्हटले असते तर माझे गुरुजीपण कमी झाले नसते, आणि कदाचित तिचे कुतूहल वाढले असते.

ती मुलगी आता तिशीच्या आसपास असेल. कोठे असेल ते मला ठाऊक नाही. हे भाषण तिच्या कानी पडलेच, तर तिने एवढे ऐकावे. बाई, ते कण आत मावत नव्हते. ते आत नव्हतेच. तुझा प्रश्न बरोबर होता.